सुगंधाबाईने निवडलेला दगड

सुगंधाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते तिने आमचं काम थांबवलं त्या दिवशी. १९५४ सालचा फेब्रुवारी होता. आमच्या नव्या घराच्या जागेवर चार बायका गोणपाटाच्या सावलीत बसून खडी फोडत होत्या. त्यांतल्या एकीने हातोडी बाजूला ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि हात मांडीवर घेऊन ती नुसतीच बसून राहिली. बाकीच्या तिघी तिच्याकडे बघायला लागल्या आणि मग त्याही थांबल्या.

त्या वेळी जागेवर मी एकटीच होते. माझे सासरे, मार्तंडराव, ज्यांना मी मामंजी म्हणत असे, ते चहा घ्यायला नाक्यावर गेले होते. मामंजींनी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन गोष्टी एकदम केल्या. अंधेरीला कुर्ला रोडवर, साकीनाक्याच्या अलीकडे, पूर्वी भातशेती होती तिथे जमिनीचा तुकडा घेतला; आणि गिरगावातल्या बंद पडणाऱ्या एका छापखान्याचं यंत्र घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद जपले, आता स्वतःचे छापायचे होते. घरामागे यंत्रासाठी शेड बांधून होत आली होती. गिरगावातली जागा जुलैअखेर रिकामी करून द्यायची होती, म्हणजे यंत्र त्याच्या आत इथे यायला हवं होतं. ते होतं साडेतीन टनांचं. आणि मोठ्या रस्त्यापासून आमच्या शेडपर्यंत अडीचशे फूट नुसतं शेत होतं. तिथे रस्ता करायचं काम नंदकिशोर नावाच्या कंत्राटदाराला दिलेलं होतं, आणि या बायका त्याच्याकडे कामाला होत्या.

मी जवळ जाऊन विचारलं, काय झालं, बरं वाटत नाही का.

तिने समोरच्या ढिगातला एक दगड उचलून माझ्या हातात दिला. तपकिरी रंगाचा होता, आत पांढरे ठिपके. मग तो परत घेऊन तिने त्यावर हातोडी मारली. एकाच घावात त्याचा चुरा झाला.

"वैनी, ह्यो दगड नाय, ही भाकरी हाय," ती म्हणाली.

मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण एवढं माहीत होतं की या बायकांना फोडलेल्या ढिगावर मजुरी मिळते. मऊ दगड असला तर ढीग लवकर मोठा होणार, त्यात तिचाच फायदा. मी तसं बोलूनही दाखवलं.

"व्हय, ढीग मोठा व्हतो. पन पावसात तुमची गाडी रुतली, की लोक इचारतील, खडी कोनी फोडली."

ती पस्तिशीची असेल. उंच, काटक, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. तिचं माहेर देवरुखच्या बाजूला. वडील गावोगाव पाखाड्या बांधायचे. कोकणात डोंगरउतारावर दगड बसवून केलेल्या पायवाटेला पाखाडी म्हणतात. लग्नाआधी तीही वडिलांच्या हाताखाली दगड उचलून द्यायची. नवरा दशरथ मुंबईत गिरणीत होता. तेरा वर्षं कापसाची धूळ छातीत गेली आणि डॉक्टरांनी गिरणी सोडायला सांगितली. मग दोघं चांदिवलीच्या खाणीजवळ झोपडी बांधून राहिली. ती खडी फोडायची, तो घरी रांधायचा. हे सगळं तिने मला मामंजी परत येईपर्यंतच्या वेळात सांगितलं, रडगाणं न गाता, बाजारात भाजीचे भाव सांगावेत तसं.

मामंजी आले ते चिडलेच. काम बंद का, हा त्यांचा पहिला प्रश्न. सुगंधाबाईने वाद घातला नाही. पाण्याच्या दोन बादल्या मागितल्या. एकीत तिने ढिगातले ठिपक्यांचे तीन दगड टाकले. दुसरीत घराच्या पायासाठी आणलेल्या काळ्या दगडातले तीन टाकले. उद्या बघा, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही सगळेच गेलो. काळ्या दगडांच्या बादलीत तळ दिसत होता. दुसऱ्या बादलीत चहासारखं गढूळ पाणी. मामंजींनी बाही वर करून त्यातला एक दगड काढला आणि अंगठ्याने दाबला, तर त्याचा कोपरा निघून हातात आला. तो कोपरा त्यांनी चष्म्याजवळ धरून बराच वेळ पाहिला. मग खिशातून रुमाल काढला आणि त्यात तो बांधून ठेवला. रेकॉर्डचा माणूस.

नंदकिशोरला बोलावणं गेलं. तो काही लबाड माणूस नव्हता, घाईतला होता. चार ठिकाणी त्याची कामं चालली होती. त्याचं म्हणणं, हा दगड खाली जाणार, तो कोण बघतो. वरून मी मनोरीहून आणलेले गोटे पसरणार आहे, जुहूच्या बंगल्यांपुढे असतात तसे. नमुन्याची एक टोपलीच त्याने गाडीतून उतरवली. समुद्राने घासलेले, गुळगुळीत, पांढरे-करडे, काही तांबूस. खरंच देखणे होते. मामंजींचा चेहरा खुलला. व्हरांड्यात बसून समोर हे गोटे बघायचे, असं त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं असणार.

सुगंधाबाईने ती टोपली जमिनीवर रिती केली. शेजारी काळ्या फोडलेल्या खडीचा तेवढाच ढीग केला. मग मामंजींना म्हणाली, सायेब, जरा यावर उभे राहा.

मामंजी गोट्यांवर चढले आणि गोटे चारी बाजूंना पळाले. मी हात धरला नसता तर ते पडलेच असते. मग खडीवर चढले. खडी करकरली, थोडी दबली आणि जागच्या जागी बसली. सुगंधाबाईने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. कोपरे असलेला दगड शेजारच्याला धरून ठेवतो, गोट्याला धरायला काही नसतं, असं तिचं सांगणं होतं.

दोन दिवस मामंजी कागदावर आकडेमोड आणि नकाशे करत बसले. गोटे त्यांच्या मनातून जाईनात. शेवटी त्यांनी जो निकाल दिला तो ऐकून माझे यजमान मधुकर हसायला लागले. मोठ्या रस्त्यापासून जांभळाच्या झाडापर्यंतचे एकशे सत्तर फूट सुगंधाबाईने स्वतःच्या पद्धतीने करायचे. तिथून पुढचे, व्हरांड्यातून दिसणारे ऐंशी फूट नंदकिशोरने गोटे घालून करायचे. नंदकिशोरला त्यात काही वाटलं नाही. खडी फोडणारी बाई रस्ता करणार म्हणजे आपल्याला नंतर दुरुस्तीचं काम मिळणार, असं तो उघडच म्हणाला.

दगड निवडायला सुगंधाबाई स्वतः खाणीवर गेली, आणि मी शिकवत असे त्या शाळेला सुट्टी होती म्हणून मीही गेले. खाणीच्या वरच्या थरातला दगड कुजलेला, तपकिरी, भेगांचा. काढायला सोपा म्हणून गाड्या तिथेच भरत होत्या. ती सरळ खाली उतरली. तळाशी काळाभोर दगड होता. तिने एक तुकडा फोडला आणि फुटलेली बाजू मला दाखवली. एकसारखी बारीक कणी, एक ठिपका नाही, आणि कडा अशी की माझ्या बोटाला कापलं. खाणीचा कारकून कुरकुरला, खालचा माल काढायला वेळ लागतो. ती म्हणाली, लागू दे, मी थांबते. आणि खरोखरच ती उन्हात तीन तास थांबली. भरलेल्या गाडीतून नापसंत दगड काढून टाकायलाही तिने कमी केलं नाही. गाडीवाले वैतागले होते.

मग काम सुरू झालं. आधी तिने शेतातली काळी चिकण माती हातभर खोल काढून टाकली, खाली घट्ट जमीन लागेपर्यंत. नंदकिशोरच्या माणसांनी गवत तासलं आणि थेट तेच ठिपक्यांचे दगड ओतले. तिने तळाला मोठे दगड टोकावर उभे बसवले, एकमेकांना टेकून, आणि मधल्या फटींत चिपा ठोकल्या. त्यावर मुठीएवढी खडी, त्यावर सुपारीएवढी, आणि सगळ्यात वर मुरूम. मुरमाची पहिली गाडी तिने परत पाठवली. मूठभर घेऊन दाबून पाहिला तर त्याचा लाडू झाला. लाडू होतो त्या मुरमात माती जास्त, असं ती म्हणाली. दुसऱ्या गाडीतला मूठ उघडताच भुरभुरला, तो तिने घेतला. पाणी मारायचं, धुम्मस घालून ठोकायचं, पुन्हा पाणी मारायचं.

रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता हवा होता. ते काम दशरथने केलं. तो खोकत खोकत रोज यायचा, दोन खुंट्या ठोकून दोरी ताणायचा आणि एक डोळा मिटून पाहायचा. गिरणीत धाग्यांकडे बघून बघून त्याची नजर सरळ रेषेला इतकी सरावली होती की बोटभर चूकही त्याला लांबून दिसायची. दोन्ही बाजूंनी चर खणून पाणी ओढ्याकडे नेण्याची कल्पनाही त्याचीच.

नंदकिशोरचा भाग बारा दिवसांत झाला. सुगंधाबाईला अडीच महिने लागले. मे महिन्यात आम्ही राहायला आलो तेव्हा येणारे-जाणारे गोट्यांचंच कौतुक करत. तिचा भाग काळा आणि राकट दिसे. सासूबाई म्हणाल्या, कावळ्याच्या पाठीवरून चालल्यासारखं वाटतं. सुगंधाबाईने ते ऐकलं आणि ती हसली. गोटे छान आहेत, पावसाळ्यानंतर तुळशीभोवती लावा, असं मला सांगून ती आपली घमेली घेऊन गेली.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात यंत्र निघालं. त्याआधी आठ दिवस पाऊस थांबला नव्हता. दोन्ही बाजूंच्या शेतांत गुडघाभर पाणी होतं. सकाळी दहाच्या सुमाराला गुणाजी नावाचा लॉरीवाला मोठ्या रस्त्यावरून आत वळला. मामंजी छत्री धरून समोर उभे. लॉरी सुगंधाबाईच्या रस्त्यावर चढली तेव्हा आम्ही सगळे चाकांकडेच बघत होतो. ती एका संथ चालीने जांभळापर्यंत आली. मागे चाकांचे ओले पट्टे तेवढे उमटले होते, खळगा एकही नाही.

जांभळाशी गुणाजीने गाडी थांबवली. खाली उतरून त्याने पुढच्या गोट्यांवर टाच दाबली. टाच आत गेली.

"ह्याच्यावर घातली तर वाट लागली समजा," तो म्हणाला.

मामंजींनी आग्रह केला. शेड समोर दिसत होती, ऐंशी फुटांवर. गुणाजीने खांदे उडवले आणि गाडी पुढे काढली. पुढच्या चाकांखालून गोटे दोन्ही बाजूंना उडाले, त्यांच्या खालचा मऊ दगड लापशी होऊन वर आला, आणि लॉरी नाक खुपसून बसली. पुढची चाकं अर्धी दिसेनाशी झाली. मागची अजून काळ्या खडीवर होती आणि जिथल्या तिथे भक्कम उभी होती.

छत्री मिटून मामंजी पावसात उभे राहिले. त्यांचा तो चेहरा मला बघवेना. मी पदर खोचला आणि चांदिवलीला चालत निघाले.

सुगंधाबाई झोपडीत होती. पावसात खाण बंद होती. मी घडलं ते सांगितलं. मी सांगितलं होतं ना, असं ती म्हणेल याची मी वाट पाहत होते, पण तिने विचारलं ते एवढंच, मागची चाकं कुठं आहेत. तिच्याच रस्त्यावर आहेत म्हटल्यावर तिने इरलं डोक्यावर घेतलं. वाटेत तिने झोपड्या-झोपड्यांतून हाका मारल्या. आम्ही परत पोचलो तेव्हा तिच्यामागे अठरा बायका होत्या, आणि दशरथ बैलगाड्यांची सोय करायला खाणीवर गेला होता.

मामंजी पुढे आले. फेब्रुवारीपासून ते तिला अगं-तुगं करत आले होते.

"सुगंधाबाई," ते म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं करू. काय करायचं?"

तिने आधी लॉरी मागे घेतली. पुढच्या चाकांखाली जॅक लावून मोठे दगड सारले, मागून दोर बांधून सगळ्यांनी ओढलं. मामंजींनीही ओढलं, मीही ओढलं. तासाभरात लॉरी जांभळाच्या अलीकडे काळ्या खडीवर येऊन उभी राहिली. यंत्र वरून उतरवायची गरज नाही, असं तिने गुणाजीला सांगितलं. गाडी इथे दोन दिवस उभी राहील, तिला काही होणार नाही. गुणाजीला विश्वास नव्हता. त्याने चाकाच्या कडेला खडूने खूण केली.

मग तिने जे ठरवलं ते ऐकून मला तिच्या डोक्याचं नवल वाटलं. सगळे ऐंशी फूट करायला वेळ नव्हता. पण लॉरी काही सगळ्या रस्त्यावरून जात नाही, तिची चाकं दोनच पट्ट्यांवरून जातात. तेवढेच दोन पट्टे पक्के करायचे. दशरथने लॉरीच्या दोन चाकांमधलं अंतर काठीने मोजलं आणि शेडपर्यंत दोऱ्या ताणल्या. बायकांनी गोटे आणि लापशी उपसून दोन फूट रुंदीचे दोन चर खणले. चरात पाणी भरत होतं, ते डब्यांनी उपसलं, आणि बाजूला वाट काढून ओढ्याला सोडलं. खाणीतून गाड्या यायला लागल्या. सुगंधाबाई प्रत्येक गाडीपाशी स्वतः उभी होती. भर पावसात, सगळ्यांना घाई झालेली असताना, तिने एका गाडीतले निम्मे दगड परत केले. गुणाजी म्हणाला, बाई, आता काय निवडत बसलीस. तिने आणखी एक दगड बाजूला टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नंदकिशोर आला. त्याला कोणीतरी कळवलं होतं. जांभळाखाली उभा राहून त्याने दोन्ही रस्ते पाहिले, चरातले उभे दगड पाहिले. मग बूट काढून झाडाखाली ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एका बाईच्या हातातलं भरलेलं घमेलं घेतलं. संध्याकाळपर्यंत तो दगड वाहत होता. सुगंधाबाई त्याला कुठे टाकायचं ते सांगत होती आणि तो टाकत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुणाजीने आधी आपली खडूची खूण पाहिली. साडेतीन टन घेऊन दोन रात्री उभी असलेली लॉरी केसभरही खचली नव्हती. त्याने इंजिन सुरू केलं. दशरथ पुढे उभा राहिला, लॉरीकडे तोंड करून, आणि दोन्ही हातांनी खुणा करत एकेक पाऊल मागे जायला लागला. चाकं दोन्ही पट्ट्यांवर चढली. सुगंधाबाई चाकाच्या बरोबरीने चालत होती, नजर खाली, दगडांवर. पन्नास फूट झाले, साठ झाले. एका जागी एक चीप सुटून उडाली. तिने वाकून ती उचलली आणि हातातच ठेवली. मागची चाकं शेडच्या ओट्यावर चढली तेव्हा अठरा बायकांनी हातोड्या घेऊन आपापली घमेली बडवायला सुरुवात केली. असा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. नाक्यावरची माणसं पळत आली, काय झालं म्हणून. सासूबाईंनी भाताचं मोठं पातेलं चढवलं आणि त्या दिवशी आमच्या व्हरांड्यात पंगत बसली, तिच्यात नंदकिशोरही होता आणि गुणाजीही.

पाऊस संपल्यावर उरलेला भाग तिनेच पक्का केला. मामंजींनी तिला एक प्रशस्तिपत्र लिहून दिलं, सरकारी भाषेत, लांबी-रुंदी-खोलीसकट. त्याची तिला फारशी गरज पडली नाही. आसपासची शेतं एकेक करून प्लॉट होत होती, आणि लोक तो रस्ता येऊन बघत. पुढच्या दोन वर्षांत तिच्या हाताखाली पंचवीस बायका काम करायला लागल्या. खाणीचा कारकून तिच्यासाठी तळाचा माल वेगळा काढून ठेवायला लागला. नंदकिशोर दगड पसंत करायला तिला आपल्या कामांवर घेऊन जाई आणि मेहनताना देई. हे तो लपवत नसे.

१९५८ साली मी घाटकोपरच्या टेकडीवरच्या एका नव्या शाळेत शिकवायला लागले. शाळेपर्यंत रस्ता करायचा होता. मुख्याध्यापिका वनमालाबाई माझ्याजवळ काळजी करत होत्या, म्हणून मी सुगंधाबाईचं नाव सुचवलं. संस्थेच्या इंजिनियरांनी सरळ चढाचा नकाशा काढला होता. सुगंधाबाई दशरथला घेऊन टेकडीवर तीनदा गेली आणि येऊन म्हणाली, सरळ नको, दोन वळणं द्या. इंजिनियर म्हणाले, लांबी वाढेल. ती म्हणाली, वाढू दे; दगड मी निवडीन, चढ मात्र लहान करा. वनमालाबाईंनी तिची बाजू घेतली. काम झाल्यावर इंजिनियरांनी दहा टनांचा रोलर मागवून चार वेळा वर-खाली फिरवला. पाचव्यांदा फिरवायची त्यांना गरज वाटली नाही. सुगंधाबाईपाशी जाऊन त्यांनी हात जोडले.

उद्‌घाटनाच्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्या भराभर वर आल्या. भाषणं झाली, हार झाले. वनमालाबाईंनी सुगंधाबाईला व्यासपीठावर बोलावलं, पण ती तिथे नव्हतीच. मी शोधायला बाहेर आले. ती खालून चालत येत होती, हिरवं नवं लुगडं नेसून, अनवाणी, आणि तिच्याबरोबर दशरथ. त्याच्यासाठी शाळेने खुर्ची पाठवली होती, चौघांनी उचलून आणायची. ती खुर्ची खालीच रिकामी ठेवून तो पायी निघाला होता. पहिल्या वळणावर तो थांबला नाही. दुसऱ्या वळणावर जरा थांबला, खाली पाहिलं, आणि पुन्हा चालायला लागला. शाळेच्या फाटकात माझ्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा त्याला दम लागलेला नव्हता.

"वैनी, चढ जानवलाच नाय," तो म्हणाला.

सुगंधाबाई माझ्याकडे बघून मोठ्याने हसली. आत टाळ्या चालल्या होत्या. तिने दशरथचा हात धरला आणि दोघं मांडवात शिरली.